शाई फुटू नये म्हणून



‘दौत-लेखणी’ या आपल्या सदराकडे धर्मापुरी (जि. बीड) येथून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घराण्याचे कापडाचे दुकान आहे. यंदा श्रुतपंचमीस त्यांच्या सासूबाईंनी संकल्प केला की, तत्त्वार्थसूत्राची एक प्रत स्वहस्ते, बोरूने लिहून मंदिरात ठेवावी. सूत्रे ३५७, रोज थोडी थोडी लिहिली तरी वर्षाच्या आत काम पुरे व्हावे. मुलाने हौसेने जाड हातकागद आणून दिला आणि फाउंटन पेनची काळी शाई घेतली. पहिल्याच पानावर अक्षरांना तंतू फुटले. अकरा पाने लिहून झाली, पण अनुस्वार कोणता आणि शाईचा ठिपका कोणता हे सांगता येईना. सासूबाईंची दृष्टी मंदावत चालली आहे. “पुढल्या वर्षी लिहू, असे त्यांना म्हणण्याचे धैर्य होत नाही,” असे भगिनी लिहितात. त्यांचे प्रश्न तीन आहेत. शाई का फुटते? ती फुटू नये म्हणून घरी काय करता येईल आणि त्यात हिंसेचा दोष लागेल काय? लिहून झालेल्या अकरा पानांचे काय करावे?

प्रश्न एका घरचे असले तरी उपयोग अनेकांस आहे. कोणी घरी स्तोत्रे लिहून ठेवतात, कोणी चातुर्मासात सूत्रलेखनाचा नियम घेतात. आणि दिवाळीत वहीपूजन तर आपल्या प्रत्येक पेढीवर होते. म्हणून हा सबंध लेख याच विषयास दिला आहे.

प्रथम कारण पाहू. धर्मापुरीकरांच्या नित्य दृष्टीस केदारेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर असते. तेथील दगडावर छिन्नीने ओढलेली रेघ जिथल्या तिथे राहिली आहे, कारण दगड ती रेघ पसरू देत नाही. कागदाचा स्वभाव निराळा. कागद म्हणजे वनस्पतीच्या बारीक तंतूंचा एकमेकांत गुंतलेला थर. तंतूंच्या मधून केसाहून बारीक वाटा गेलेल्या असतात. समईची वात जशी तेल वर ओढते, तशा या वाटा शाईतील पाणी आपल्याकडे ओढतात. शालेय पुस्तकांत याला केशाकर्षण म्हटले आहे. पाण्याबरोबर रंगही जातो आणि अक्षराच्या कडेला कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात. हेच पाणी खाली खोल गेले, तर अक्षर पानाच्या पाठीवर उमटते. टीपकागद मुद्दाम असाच, तंतू उघडे ठेवून करतात. त्याचे कामच शाई पिण्याचे आहे. या घरी आणलेला हातकागद दिसावयास कितीही सुरेख असला तरी लेखनाच्या दृष्टीने तो टीपकागदाचाच भाऊ आहे. हातकागद पिशव्यांसाठी, पाकिटांसाठी, आमंत्रणपत्रिकांसाठीही होतो. हाताने केलेला प्रत्येक कागद लेखनाचाच असतो, असे नाही.

या रोगावरचे औषध कापडाच्या व्यापाऱ्यास नव्याने सांगावयास नको. कोऱ्या कापडाला खळ असते. खळीमुळे सुतामधील फटी बुजतात आणि कापड ताठ व गुळगुळीत होते. कागदालाही हीच खळ द्यावयाची आणि मग तो घोटून काढावयाचा. खळीने वाटा बुजतात, घोटण्याने तंतू दबून पृष्ठ एकसारखे होते. या दोन क्रिया झाल्या की शाई कागदाच्या आत न शिरता वर बसते आणि तेथेच वाळते.

आपल्याकडील जुने कागद असेच सिद्ध केलेले असत. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव नावाप्रमाणेच कागद करणाऱ्यांचे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस हलविली, त्या काळापर्यंत तेथील कारागीर आपल्या परंपरेचे मूळ नेतात. दौलताबादी आणि जुन्नरी कागदांवर मराठेशाहीचा फार मोठा पत्रव्यवहार झाला. जुनी मोडी दफ्तरे उलगडताना कधीकधी पानांतून बारीक वाळूचे कण हाती लागतात. लिहून झाल्यावर शाई सुकावी म्हणून ती वाळू भुरभुरत. यावरूनच त्या कागदाची पारख होते. कागदाने शाई पिऊन टाकली असती, तर वर वाळू टाकण्याची गरजच पडली नसती. शाई पृष्ठावर ओली उभी राही, म्हणून वाळू लागे.

धर्मापुरीच्या वाचकांस याहून जवळचे उदाहरण अंबाजोगाईस आहे. संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी आपले पंचीकरणावरील लेखन कागदावर न करता वस्त्रावर केले. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी ती ‘पासोडी’ अंबाजोगाईत जपलेली आहे. दासोपंतांना लेखनासाठी रोज एका ढब्बूची शाई लागे, अशी आख्यायिका सांगतात. बिनखळीच्या कापडावर शाईचा एक थेंब टाकून पाहावा, म्हणजे वस्त्रावर ग्रंथ लिहिणे किती अवघड हे ध्यानी येईल. आपल्या परंपरेतही वस्त्रावर यंत्रे, पट आणि तीर्थपट लिहिले-रंगविले गेले. त्यासाठी कापडाला दोन्ही बाजूंनी खळ देऊन, वाळवून, अकिकाने घोटण्याची रीत होती. जैसलमेर व पाटण येथील ज्ञानभांडारांची सेवा करणारे मुनिश्री पुण्यविजयजी (१८९५–१९७१) यांनी जैन लेखनकलेवरील आपल्या गुजराती ग्रंथात या रीती सविस्तर नोंदवून ठेवल्या आहेत.

आता शाईकडे वळू. शाईचे ढोबळ मानाने तीन प्रकार करता येतील. पहिली काजळाची. काजळाचे कण पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. डिंक त्यांना धरून ठेवतो आणि वाळल्यावर कागदाला चिकटवितो. दुसरी हिरडा आणि हिराकस यांची. ती कागदात मुरते, लिहिल्यानंतर काळी होत जाते, परंतु कालांतराने कागदालाच खाते. जुन्या पोथ्यांत अक्षरांच्या जागी भोके पडलेली दिसतात, ती बहुधा अशा शाईची करणी असते. तिसरी आजची फाउंटन पेनची. तीत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो आणि पेनाच्या अरुंद वाटेने सहज वाहावी म्हणून ती मुद्दाम पातळ ठेवलेली असते. बोरूत भरली की ती धावतच सुटते. तेव्हा उघड्या तंतूंचा कागद आणि धावती शाई, असे दोन्ही दोष या घरी एकत्र आले.

लहियांची काजळी शाई मुनिश्रींनी दिलेल्या परंपरागत प्रमाणानुसार अशी होती : जितके काजळ तितकाच हिराबोळ, त्याच्या दुप्पट बाभळीचा डिंक आणि माक्याचा रस. हे सर्व तांब्याच्या भांड्यात कडुनिंबाच्या घोट्याने दीर्घकाळ घोटावयाचे. घोटाई जितकी अधिक तितके काजळाचे कण बारीक आणि अक्षर तुकतुकीत. डिंक कमी पडला तर शाई पसरते आणि वाळल्यावर बोटाला लागते. डिंक अति झाला तर अक्षराचे पापुद्रे सुटतात आणि पावसाळ्यात पाने एकमेकांस चिकटतात. पाने चिकटू नयेत म्हणून जुन्या पोथ्यांत मध्ये गुलाल भुरभुरत असत, हेही येथे सांगण्याजोगे आहे.

इतका खटाटोप आज प्रत्येक घरी होणार नाही. बाजारात तयार काजळी शाई मिळते, पण ती घेताना विचारून घ्यावे. पाण्याने न पुसली जाणारी म्हणून विकली जाणारी सुलेखनाची काळी शाई पुष्कळदा लाखेत केलेली असते, आणि लाख ही कीटकांपासून मिळते. ताडपत्रासाठी लाक्षारस घातलेल्या शाया जुन्या काळीही होत्या, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. तरी ज्यांना ती नको असेल त्यांनी डिंकात केलेली शाई मागावी.

कागदाच्या खळीबाबतही हाच विवेक हवा. इटलीतील कागदकारांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस जिलेटिनची खळ वापरावयास आरंभ केला. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे व कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ. जलरंगांसाठी बाहेरून येणाऱ्या अनेक भारी कागदांना आजही तीच खळ असते. महाग कागदावर शाई फुटत नाही हे पाहून तो घेतला, तर शास्त्र त्यावर लिहावे काय, असा प्रश्न उरतोच. आपल्या देशातील कागद मात्र धान्याच्या खळीवर वाढला. तेव्हा या कामी अहिंसेची वाट नव्याने शोधावी लागत नाही. आपल्या कागदींची जुनी रीत हीच ती वाट आहे.

खळ घरी कशी करावी ते आता सांगतो. तांदळाचे किंवा गव्हाचे सत्त्व घ्यावे. साबुदाणा, आरारूट, बटाटा यांचीही खळ उत्तम होते, पण ती कंदमुळांची. श्रुतलेखनासाठी कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या घरांनी तांदूळच पत्करावा. गाळलेल्या अर्धा लिटर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम तांदळाची अगदी बारीक पिठी थंड असतानाच कालवावी, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. मंद आचेवर १०–१५ मिनिटे सतत ढवळावे. पेज पारदर्शक दिसू लागली की उतरवून मलमलीतून दोनदा गाळावी. ती पातळ ताकाइतकीच दाट असावी. घट्ट झाल्यास थोडे ऊन पाणी घालावे. खळ लागेल तेवढीच करावी आणि त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी संपवावी. शिळी खळ आंबते, तीत जीवोत्पत्ती होते आणि कागदालाही वास लागतो.

कागद स्वच्छ काचेवर अथवा फरशीवर पसरावा. रुंद आणि मऊ कुंचल्याने, तोही जनावराच्या केसांचा नसलेला, कोमट खळ एका दिशेने एकदा फिरवावी. चोळू नये, ओला हातकागद फाटतो. हा हात वाळला की कागद उलटून दुसऱ्या बाजूस तसाच हात द्यावा. वाळविणे सावलीत, झाकलेल्या जागी करावे, म्हणजे ओल्या खळीवर जीवजंतू बसून चिकटणार नाहीत. पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा. मग कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून मनात शंभर अंक मोजावे. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर कागद तयार झाला. पसरून आत शिरला तर खळीचा आणखी एक हात द्यावा. बहुतेक हातकागदांना दोन हात पुरतात.

त्यानंतर घोटाई. गुळगुळीत पाटावर कागद ठेवून अकिकाच्या खड्याने, तो नसल्यास काचेच्या गुळगुळीत बाटलीने किंवा स्टीलच्या वाटीच्या पाठीने, मध्यम दाब देत सर्व बाजूंनी घोटावे. पृष्ठावर मंद चकाकी आली की थांबावे. फार चकचकीत केले तर बोरू घसरतो आणि शाई धरत नाही.

एक सावधगिरी. पुष्कळजण खळीत तुरटी घालावयास सांगतात. तुरटीने शाई निश्चित आवरते, पण तुरटी आम्लधर्मी आहे. १८०७ मध्ये मोरित्झ इलिग या जर्मन कागदकाराने राळ आणि तुरटी यांची खळ प्रसिद्ध केली आणि पुढे कारखान्यांतील कागदास तीच लागू झाली. त्या काळातील पुस्तके आज पिवळी पडून हाताळताच तुटतात, त्याचे एक प्रमुख कारण ते आम्ल आहे. चार महिन्यांच्या पत्रिकेस तुरटी चालेल. जी प्रत नातवंडांच्या हाती जावी अशी इच्छा आहे तिला ती नको. धान्याच्या खळीस कसर लागण्याचे भय असते, म्हणून काहीजण मोरचूद घालतात. ते विष आहे. आपण त्या वाटेस जाऊ नये. कोरडी जागा, घट्ट बांधलेले सुती वेष्टन आणि त्यात वेखंडाचा तुकडा वा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला, तर कीटक मरत नाहीत, फिरकत नाहीत. पोथीच्या शेवटी लहिये वाचकाची विनवणी करीत की तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ग्रंथ राखावा. त्यात किती अनुभव साठला आहे हे अशा वेळी कळते.

बांधलेल्या वहीला खळ देता येत नाही. तेथे शाईच बदलावी, म्हणजे डिंकाची काजळी शाई घ्यावी. फाउंटन पेनचीच शाई वापरणे भाग असेल, तर बाभळीचा स्वच्छ डिंक रात्री पाण्यात भिजवून, गाळून, त्याचे काही थेंब शाईत घालून कोपऱ्यावर लिहून पाहावे. अशी शाई बोरू-टाकापुरतीच. पेनात भरल्यास पेन बंद पडेल. बोरू दौतीत खोल बुडवू नये. कताचे टोकच भिजवावे आणि जास्तीची शाई दौतीच्या काठास निपटावी. पाश्चात्त्य सुलेखनकार चंद्रुसासारख्या राळेची वस्त्रगाळ पूड पुरचुंडीत बांधून कागदावर हलकेच थोपटतात आणि जास्तीची झटकून टाकतात. त्यानेही कडा रेखीव येतात. हा उपाय एखाद्या पानापुरता चांगला.

वहीपूजनाच्या पहिल्या पानाची तक्रार सर्वांच्याच परिचयाची आहे. केशराच्या किंवा कुंकवाच्या पाण्याने काढलेला स्वस्तिक आणि ‘श्री’ बघता बघता पसरतात, मागील चार पानांवर डाग उतरतो. त्या पाण्यात धरून ठेवणारे काहीच नसते, हे त्याचे कारण. वाटीभर केशरपाण्यात चमचाभर डिंकाचे पाणी मिसळावे, मिश्रण दाटसर ठेवावे आणि पान वाळेपर्यंत वही मिटू नये. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. ज्या पेढीवर आजही हाताने खतावणी होते, तेथे तर हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. रकमेच्या शेवटी पडलेला शाईचा ठिपका शून्यासारखा वाचला गेला, तर वाद उभा राहतो. शास्त्रातही तेच. ‘मद’वर ठिपका पडला की ‘मंद’ होतो, ‘पथ’वर पडला की ‘पंथ’. सूत्रात अक्षरे मोजकी; त्यात एका बिंदूनेही अर्थ फिरतो. पुढे त्या प्रतीवरून कोणी दुसरी प्रत केली, तर चूक तिच्यातही जाते.

ऋतूचाही विचार हवा. कागद हवेतील ओल शोषतो आणि ओलसर कागदावर शाई अधिक फुटते. श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, पावसाच्या तोंडावर येते. श्वेतांबर परंपरेतील ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीस, पाऊस सरल्यावर येते आणि त्या निमित्ताने भांडारांतील ग्रंथ बाहेर काढून, झटकून, हवा देऊन पुन्हा बांधले जातात. दोन्ही तिथींच्या मधला काळ ग्रंथांना सर्वांत जड. धर्मापुरीच्या घरी लेखन नेमके या काळात झाले, हाही एक दोष होता. आता कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत मराठवाड्यातील हवा कोरडी राहील. सासूबाईंनी याच दिवसांत, सकाळच्या उजेडात, मोठ्या कताच्या बोरूने ठसठशीत अक्षर लिहावे. खळ आणि घोटाई घरातील तरुणांनी करून रोजची पाने त्यांच्यासमोर सिद्ध ठेवावी. रोज तीन सूत्रे लिहिली तरी १२० दिवसांत ३५७ सूत्रे पुरी होतात आणि पुढील श्रुतपंचमीपूर्वी प्रत मंदिरात पोहोचते.

उरला तिसरा प्रश्न, त्या अकरा पानांचा. पूर्वी लहियाच्या हातून चुकीचे अक्षर पडले की त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि वाळल्यावर त्याच जागी शुद्ध अक्षर लिहीत. आपल्या भाषेतील ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्या लेपावरूनच आला. हरताळ हे आर्सेनिकचे संयुग, म्हणून विषारी आहे. आज घरी ते कोणीही वापरू नये. शिवाय हा उपाय एकट्या-दुकट्या अक्षराचा आहे, फुटलेल्या सबंध पानाचा नव्हे. ती पाने पुन्हा लिहावीत. जुनी अकरा रद्दीत टाकू नयेत. ज्ञानाची आशातना आपल्याला मान्य नाही. ती स्वतंत्र वेष्टनात बांधून घरीच जपावीत आणि मंदिरातील प्रतीत मिसळू नयेत, म्हणजे वाचणाऱ्याचा घोटाळा होणार नाही. घरातील मुलांना खळीचा कागद आणि बिनखळीचा कागद यांतील भेद दाखवावयास त्यांच्याइतके चांगले साधन दुसरे नाही.

पुढील अंकात बोरूचा कत कसा काढावा आणि तो अक्षराच्या उंचीशी कसा जुळवावा, याविषयी लिहीन. तोवर ज्यांनी घरी खळ करून पाहिली असेल त्यांनी कोणता कागद घेतला, किती हात दिले आणि थेंब किती वेळ उभा राहिला, हे अवश्य कळवावे. इतरांस त्याचा उपयोग होईल.